पडत्या पेटीतील वजनरहितता : प्रकल्प नोंदी

22 जून 2025

पडत्या पेटीत वजनरहिततेचे लहान प्रयोग घडवायचे आणि मोबाइलच्या संथगती चित्रीकरणातून ते निरखायचे, हा प्रकल्प आमच्या विज्ञान मंडळाने आजपासून हाती घेतला आहे. आठवी-नववीची मुले, शाळेच्या जुन्या इमारतीतील जिन्यामधली मोकळी जागा आणि सुताराकडून मिळालेले प्लायवूडचे तुकडे एवढे आजचे भांडवल आहे.

प्रकल्पाची कल्पना अमेरिकी अंतराळवीर डॉन पेटिट यांच्या कामावरून सुचली. पेटिट हे मूळचे रसायन अभियंते. 2002 च्या नोव्हेंबरात ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि 2003 च्या मे महिन्यात परतले. त्या मुक्कामात शनिवारच्या मोकळ्या वेळात, हाताशी असलेल्या वस्तू घेऊन, केवळ स्वतःच्या कुतूहलापोटी त्यांनी अनेक प्रयोग केले. तारेच्या कड्यातला पाण्याचा पापुद्रा, पिशवीतले मीठ, पाण्याच्या गोळ्यात टाकलेली आम्लपित्ताची गोळी हे त्यांचे विषय होते. यांतले काहीही त्यांच्या अधिकृत कामाच्या यादीत नव्हते. हेच पेटिट यंदा 20 एप्रिलला, वयाच्या सत्तराव्या वाढदिवशी, सोयुझ यानातून कझाकस्तानात उतरले आणि या खेपेच्या सात महिन्यांतही त्यांचे हे प्रयोग चालूच होते. मोकळ्या वेळातील कुतूहल हे गंभीर विज्ञानाचे एक पूर्ण साधन आहे, असे माझे ठाम मत आहे आणि ते मुलांना प्रत्यक्ष हाताळायला मिळावे, यासाठी हा खटाटोप आहे.

पहिल्या बैठकीत एक समज दूर करावा लागला. स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसते, असे बहुतेक मुलांना वाटत होते. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे आणि तेथील गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असते. तेथे वस्तू तरंगतात, कारण स्थानक, त्यातील माणसे आणि वस्तू सगळेच एकत्र, एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात. आडवा वेग इतका प्रचंड असतो की ते पडणे पृथ्वीला वळसा घालत राहते. हे एकदा पटले की पुढची पायरी आपोआप येते, कारण पडण्याची सोय आपल्याकडेही आहे. जिन्यात आम्हांला 4 मीटरची मोकळी उंची मिळते, म्हणजे सुमारे 0.9 सेकंद.

हा काळ किती तोकडा आहे, याची कल्पना यावी म्हणून मोठ्या मनोऱ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे नासाचा एक मनोरा 24 मीटरांच्या पतनातून 2.2 सेकंद देतो आणि तेथीलच निर्वात विहीर 132 मीटरांच्या पतनातून 5.18 सेकंद देते. जर्मनीत ब्रेमेन येथील मनोऱ्यात 4.74 सेकंद मिळतात. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये ज्वलनाच्या अभ्यासासाठी 2.5 सेकंदांचा मनोरा आहे. उंची चौपट केली तरी वेळ दुप्पटच होतो, हे या आकड्यांतून मुलांनी स्वतःच काढले. सेकंदाला 240 चित्रे टिपणारा मोबाइल आपल्या 0.9 सेकंदाची सुमारे 216 चित्रे देईल. तेवढ्यात पुष्कळ पाहता येईल.

29 जून 2025

आजचा सगळा दिवस हवेच्या रोधात गेला आणि तो तसा जाणे योग्यच होते.

पेटी पडू लागली की हवा तिला अडवते, म्हणजे पेटी मुक्त पतनापेक्षा किंचित हळू पडते आणि आतल्या वस्तूला तेवढ्याच प्रमाणात वजन उरते. आमच्या पेटीचा तळ 35 सेंटिमीटर बाजूचा चौरस आहे आणि सगळ्या जोडणीचे वस्तुमान सुमारे 6 किलोग्रॅम होईल. 4 मीटर पडल्यावर वेग सेकंदाला सुमारे 8.9 मीटर होतो. त्या वेगाला चौकोनी पेटीवरचा रोध साधारण 6 न्यूटन येतो आणि त्यामुळे पतनाच्या शेवटी आत गुरुत्व त्वरणाचा जवळजवळ दहावा भाग शिल्लक राहतो. स्प्रिंगकाटा शून्यावर आला की नाही एवढेच पाहायचे असेल, तर हे चालून जाईल. पाण्याच्या वागणुकीला मात्र हा दहावा भाग पुरेसा जाणवतो, म्हणून त्यावर उपाय करणे भाग होते.

उपाय क्लीव्हलंडच्या मनोऱ्यातलाच घेतला आहे. तेथे प्रयोगाची पेटी दुसऱ्या मोठ्या आवरणात अधांतरी ठेवतात आणि दोन्ही एकाच क्षणी सोडतात. बाहेरचे आवरण हवेचा मारा सोसते आणि थोडे मागे पडते. आतल्या पेटीभोवतालची हवा आवरणाबरोबरच खाली येत असल्याने आतली पेटी जवळजवळ मुक्तपणे पडते. बाहेरचे आवरण वाळूच्या पिशवीने 6 किलोग्रॅमपर्यंत जड केले, तर 0.9 सेकंदात ते आतल्या पेटीपेक्षा किती मागे पडेल, याचे गणित नववीच्या मुलांनी केले आणि उत्तर साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास आले. त्या काळात आतल्या पेटीचा भोवतालच्या हवेशी असलेला सापेक्ष वेग सेकंदाला 30 सेंटिमीटरांच्या वर जात नाही, म्हणजे तिच्यावरचा रोध नगण्य राहतो. आतल्या पेटीखाली 12 सेंटिमीटरांची मोकळी जागा ठेवण्याचे ठरले.

दोन्ही पेट्या एकाच दोरीला टांगल्या आहेत. दोरीला गाठीखाली दोन फाटे आहेत, एक आवरणाकडे आणि एक झाकणातल्या भोकातून आतल्या पेटीकडे जातो. गाठीच्या वर दोरीला निक्रोमच्या तारेचे वेढे आहेत. बॅटरी जोडली की तार तापते, दोरी जळते आणि दोन्ही पेट्या एकदम सुटतात. दोरी सुती घेतली आहे. नायलॉनचा दोरा भाराने ताणला जातो आणि तुटताच आखडतो, त्यामुळे आतल्या पेटीला सुटतानाच हिसका बसतो. सुती दोरीत हा त्रास फार कमी आहे. खाली काथ्याच्या गादीवर फोमचे थर रचले आहेत. पेटी 30 सेंटिमीटरांत थांबली, तर थांबतानाचे सरासरी त्वरण गुरुत्व त्वरणाच्या 13 पट होते, म्हणून मोबाइलला स्वतंत्र फोमचा कोनाडा केला आहे. पेटी वर असताना तळमजल्याचे दार बंद आणि कडी लावलेली असेल, हा नियम फळ्यावर सर्वांत वर लिहिला आहे.

शुभांशू शुक्ला गुरुवारी स्थानकावर पोहोचले. मुलांच्या बोलण्यात आज दुसरा विषय नव्हता आणि मीही तो थांबवला नाही.

6 जुलै 2025

आज पेटी पडली.

पहिल्या पतनात आत फक्त मोबाइल होता आणि त्यावर जर्मनीतील आखन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे विनामूल्य अॅप चालू होते. ते मोबाइलमधील त्वरणमापकाची नोंद आलेखाच्या रूपात देते. टांगलेल्या स्थितीत 9.8 दाखवणारी रेघ सुटताच कोसळून शून्याजवळ आली, तेथे सपाट राहिली आणि गादीवर आदळताना उंच सुळका घेऊन मग डळमळत स्थिरावली. आवरण काढून तीच पेटी एकटी सोडली, तेव्हा रेघ शून्याजवळून सुरू होऊन शेवटाकडे हलकेच वर चढत गेली. हवेच्या रोधाचे गणित कागदावर पटणे आणि तीच चढती रेघ डोळ्यांसमोर दिसणे यांत मोठा फरक आहे. दोन्ही आलेख छापून जिन्याच्या भिंतीवर लावले आहेत.

नंतर नेहमीचे प्रयोग केले. तळाशी भोक पाडलेल्या बाटलीची धार पतन सुरू होताच थांबली, कारण भोकाजवळच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब उरला नाही. स्प्रिंगला टांगलेले वजन वर ओढले गेले. काठीवर एकमेकांना दूर लोटणारी चकतीची चुंबके ओवली होती. त्यांतले वरचे चुंबक नेहमी ज्या अंतरावर तरंगत राहते, ते अंतर सोडून ते काठीच्या टोकापर्यंत सरकले. या तिन्ही प्रयोगांत एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे वजन नाहीसे झाले की उरलेले बल, मग ते स्प्रिंगचे असो वा चुंबकाचे, एकटे काम करते.

13 जुलै 2025

पेटिट यांनी पाण्याच्या तरंगत्या गोळ्यात विरघळणारी गोळी टाकली, तेव्हा निघालेले बुडबुडे वर गेले नाहीत, कारण वर अशी दिशाच तेथे नव्हती. ते गोळ्यातच साठत राहिले आणि पृष्ठभागाशी आलेले बुडबुडे फुटताना पाण्याचे बारीक थेंब सर्व बाजूंना उडाले. आम्ही पारदर्शक डब्यात पाणी घेऊन त्यात फसफसणारी गोळी टाकली आणि फेस जोरात असतानाच दोरी जाळली.

चित्रीकरणात बुडबुड्यांचे वर जाणे काही क्षणांतच मंदावले आणि ते पाण्यात जागच्या जागी अडकल्यासारखे दिसू लागले. गोळीभोवती मात्र त्यांची दाटी वाढत गेली. प्लावक बल हे पाण्याच्या वजनातून येते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आहे. येथे पाण्याचे वजन गेले आणि प्लावक बलही त्याच क्षणी गेले. आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, मग तिकडे सोडा प्यायल्यावर ढेकर येईल का?” प्रश्न अगदी नेमका आहे. पोटातला वायू आणि पातळ अन्न यांना वेगळे करण्याचे काम जमिनीवर प्लावक बल करते; ते नसल्याने तेथे वायूबरोबर अन्नाचा ओला भागही वर येतो, म्हणून अंतराळवीर फसफसणारी पेये टाळतात.

शुक्ला यांनीही स्थानकावर पाण्याचा तरंगता गोळा करून दाखवला आहे. ती चित्रफीत दाखवून झाल्यावर मुलांना त्या गोळ्याच्या कडेचे निरीक्षण लिहायला सांगितले. गोळा सेकंदाला किती वेळा लांबट-चपटा होतो, हे मोजण्यातून पृष्ठताणाचा अंदाज काढता येतो, हे पुढच्या वेळी सांगायचे आहे.

27 जुलै 2025

या प्रकल्पातला माझा सर्वांत आवडता भाग आज सुरू झाला, म्हणून नोंद लांबणार आहे.

2008 च्या नोव्हेंबरात पेटिट एंडेव्हर यानातून पुन्हा स्थानकावर गेले होते. तेथे सगळी पेये पिशवीतून नळीने ओढून प्यावी लागतात. कॉफी नेहमीसारखी कपातून प्यावी, असे त्यांना वाटले आणि त्यांनी उड्डाणाच्या माहितीवहीतील प्लॅस्टिकचे पारदर्शक पान काढून, वाकवून, चिकटपट्टीने जोडून एक कप बनवला. त्या कपाचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा आहे, म्हणजे एक बाजू गोलसर आणि दुसरीकडे दोन भिंती अतिशय अरुंद कोनात एकत्र येतात. कॉफी त्या अरुंद कोपऱ्यातून आपोआप काठापर्यंत चढते. ओठ लावून घोट घेतला की मागची कॉफी त्या जागी येते आणि कप शेवटपर्यंत रिता करता येतो. जमिनीवर कप तिरका केला की गुरुत्वाकर्षण जे काम करते, ते येथे कोपऱ्याचा आकार करतो.

यामागचे गणित 1969 मधले आहे. पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन या दोन गणितज्ञांनी दाखवून दिले की, वजन नसताना द्रव कोपऱ्यातून अमर्याद चढत जाईल की नाही, हे केवळ दोन कोनांवर ठरते. द्रव भिंतीशी जो स्पर्शकोन करतो तो आणि कोपऱ्याच्या कोनाचा निम्मा भाग यांची बेरीज 90 अंशांहून कमी असेल, तर द्रव चढतच जातो. ती जास्त असेल, तर तो थोड्या उंचीवर थांबतो. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचे मार्क वाइस्लोगल हे स्थानकावर याच विषयाचे प्रयोग करत होते आणि पेटिट यांना ते काम माहीत होते. या कपाच्या पेटंटावर पेटिट, वाइस्लोगल, कॉन्कस आणि फिन अशी चौघांची नावे आहेत. कॉफी पिण्याच्या साध्या इच्छेपासून निघालेली वाट चाळीस वर्षे जुन्या प्रमेयापर्यंत पोहोचावी आणि ते प्रमेय मांडणारे गणितज्ञ त्या कपाचे भागीदार व्हावेत, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.

जमिनीवर हे का दिसत नाही, हा प्रश्न मुलांनी आधी विचारायला हवा होता, म्हणून मी उत्तर न देता त्यांना अरुंद काचनळ्या दिल्या. बारीक नळीत पाणी चढते, रुंद पेल्यात ते फक्त कडेला किंचित वर येते. पृष्ठताण आणि वजन यांची बरोबरी ज्या लांबीला होते, ती लांबी पाण्यासाठी सुमारे 2.7 मिलिमीटर आहे. त्याहून लहान जागेत पृष्ठताणाचे चालते, मोठ्या जागेत वजनाचे. वजन शंभरावा भाग उरले, तर ही लांबी दसपट, म्हणजे 27 मिलिमीटर होते. वजन दहावा भाग उरले, तर ती केवळ साडेआठ मिलिमीटर होते. आवरणाचा खटाटोप कशासाठी केला, हे आज मुलांना खरे पटले, कारण साडेआठ मिलिमीटरांत आमचा कोपरा मावत नाही.

कोपरे ॲक्रिलिकच्या पट्ट्यांचे केले आहेत. एक 20 अंशांचा, एक 60 अंशांचा आणि एक 90 अंशांचा. ॲक्रिलिकवर पाण्याचा थेंब ठेवून त्याचे बाजूने छायाचित्र काढले आणि मुलांनी कोनमापकाने स्पर्शकोन मोजला. तो 70 अंशांच्या आसपास आला. म्हणजे 20 अंशांच्या कोपऱ्यात 70 आणि 10 मिळून 80 होतात व पाणी चढले पाहिजे. 60 अंशांत 70 आणि 30 मिळून 100 होतात व पाणी थांबले पाहिजे. 90 अंशांत तर प्रश्नच नाही. सगळ्यांनी आपापली भाकिते वहीत लिहून सही केली आणि मग पेटी सोडली.

खाण्याच्या रंगाने लाल केलेले पाणी 20 अंशांच्या कोपऱ्यात पेरभर वर चढले आणि पेटी आदळली तेव्हाही ते चढतच होते. 60 आणि 90 अंशांच्या कोपऱ्यांत पृष्ठभाग थरथरला, नवा आकार घेतला आणि थांबला. नंतर पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकला. स्पर्शकोन बराच उतरला आणि तोच 60 अंशांचा कोपरा, ज्याने आधी पाणी अडवले होते, त्यात पाणी वर धावले. कोपरा तोच, पेटी तीच, उंची तीच. बदलला तो फक्त एक कोन, आणि प्रमेयाने जे सांगितले होते तेच घडले. दोन मुलांची भाकिते वेगळी होती. त्यांनी पुन्हा छायाचित्रे काढून स्पर्शकोन स्वतः मोजायला घेतला, हे मला फार आवडले.

3 ऑगस्ट 2025

मिठाच्या पिशवीचा प्रयोग आमच्या पेटीत होणार नाही. तरीही त्याची नोंद करणे आवश्यक आहे.

पेटिट यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा भरून त्यात मिठाचे, साखरेचे आणि कॉफीचे कण ठेवले आणि पिशवी हलवली. कण पिशवीभर पसरून तसेच राहतील असे वाटावे. प्रत्यक्षात ते काही सेकंदांतच एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनले. कण घासले गेल्याने त्यांवर स्थितिक विद्युतभार येतो आणि वजनाचा अडथळा नसल्याने ते क्षीण आकर्षणही पुरेसे ठरते. ग्रहांच्या निर्मितीच्या अभ्यासात हा मोठा कळीचा टप्पा आहे. सूर्याभोवतीच्या आदिम धुळीतले कण एकमेकांवर आदळून उसळायचे सोडून चिकटू कसे लागले, हे समजावणे अवघड होते, कारण इतक्या लहान कणांचे आपसांतील गुरुत्वाकर्षण नगण्य असते. पेटिट यांनी हे निरीक्षण अंतराळवीर आणि ग्रहशास्त्रज्ञ स्टॅन्ली लव्ह यांच्यासमोर मांडले आणि पुढे 2014 मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच हे प्रयोग अनौपचारिक असल्याचे म्हटले आहे.

या प्रयोगाला काही सेकंद लागतात आणि आमच्याकडे एकही पूर्ण सेकंद नाही. त्यात पावसाळा आहे. दमट हवेत विद्युतभार टिकत नाही. आज कंगवा केसांवर कितीही घासला तरी त्याने कागदाचे कपटे उचलले नाहीत. विणकामाच्या सुईला विद्युतभार देऊन तिच्याभोवती पाण्याचे थेंब फिरवण्याचा पेटिट यांचा प्रसिद्ध प्रयोगही याच कारणाने पुढे ढकलला आहे. डिसेंबरातल्या कोरड्या हवेत निदान नळाच्या धारेला विद्युतभारित कंगव्याने वाकवण्यापासून सुरुवात करता येईल.

10 ऑगस्ट 2025

मेणबत्तीचा प्रयोग मी स्वतः केला. मुले वरच्या मजल्यावर पडद्यासमोर होती. आतल्या पेटीत पत्र्याचा डबा, डब्यात काचेची बरणी, बरणीत मेणबत्तीचा तुकडा, जवळ ओले पोते आणि वाळूची बादली अशी व्यवस्था होती.

सुटताच ज्योतीचे लांब पिवळे टोक आखडले, ज्योत बुटकी आणि गोलसर झाली आणि तिचा पिवळेपणा जाऊन कडेला निळसर छटा आली. जमिनीवर तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा येते, त्या प्रवाहाने ज्योत लांबट होते. पिवळा रंग काजळीच्या तापलेल्या कणांचा असतो. प्रवाह थांबला की प्राणवायू केवळ विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, सर्व बाजूंनी आणि सावकाश येतो, म्हणून ज्योत गोल, मंद आणि निळी होते. 1992 मध्ये कोलंबिया यानात मेणबत्त्या पेटवून हेच दीर्घ काळ पाहिले गेले होते. आमच्या 0.9 सेकंदात ज्योत पूर्ण गोल होत नाही, ती त्या आकाराकडे निघालेली दिसते. यानात आग लागली तर पंखे आधी बंद का करतात, हे मात्र एवढ्यावरूनही समजते.

24 ऑगस्ट 2025

आजचा प्रयोग मुलांच्या प्रश्नातून आला, म्हणून तो मला विशेष मोलाचा वाटतो. फिरता भोवरा पेटीत सोडला तर काय होईल, असे त्यांनी विचारले.

खेळणी अंतराळात नेण्याला जुना इतिहास आहे. 1985 च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी यानातून भोवरा, यो-यो, स्प्रिंगचे खेळणे, गोट्या अशी खेळणी मुद्दाम नेली होती, जेणेकरून शाळेतल्या मुलांनी आधी भाकीत करावे आणि मग पाहावे. यो-यो दोरीच्या टोकाला फिरत थांबून राहीना, कारण त्याला तेथे धरून ठेवणारे वजन नव्हते. पायऱ्या उतरणाऱ्या स्प्रिंगला उतरायला खाली अशी दिशाच उरली नव्हती.

भोवऱ्याचे भाकीत करताना मुलांमध्ये दोन तट पडले. काहींचे म्हणणे होते की भोवरा पडेल, काहींचे की तो अधिक स्थिर होईल. तिरका फिरणारा भोवरा जमिनीवर डोलतो, म्हणजे त्याचा आस सावकाश घेर घेत फिरतो. हे डोलणे होते ते वजन आणि आरीखालच्या जमिनीचा आधार यांच्या जोडीने भोवऱ्याला कलंडवण्याचा जो प्रयत्न होतो त्यामुळे. पतनात जमिनीचा आधार नाहीसा होतो, म्हणजे कलंडवणारा परिणामही उरत नाही आणि कोनीय संवेगाची दिशा कायम राहायला हवी. भोवऱ्याच्या माथ्यावर पांढरा ठिपका दिला, पेटी शक्य तितकी निश्चल टांगली, दोरी गुंडाळून भोवरा पेटीत उतरवला, तो संथ डोलू लागताच तार तापवली. चित्रीकरणात डोलणे पतनाच्या सुरुवातीलाच थांबले आणि आस ज्या दिशेला कलला होता, त्याच दिशेला रोखलेला राहिला. भोवरा गरगर फिरतच होता. आदळल्यावर तो अर्थातच कोपऱ्यात गेला.

याच ओघात दुसरा प्रयोग पेटीविना केला, कारण हवेत फेकलेली वस्तूही हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात येईपर्यंत मुक्त पतनातच असते. जाड पुस्तकाला रबरबँड लावून ते तीन निरनिराळ्या अक्षांभोवती फिरवत वर फेकले. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजूंना समांतर असलेल्या अक्षांभोवती ते सरळ फिरते. मधल्या अक्षाभोवती फिरवले की मध्येच कोलांटी घेते आणि मुखपृष्ठ उलटे होऊन हातात येते. 1985 मध्ये साल्युत 7 स्थानकावर व्लादिमिर जानिबेकोव्ह यांना बोल्टवरून सुटलेले पंखांचे नट हवेत फिरता फिरता ठरावीक अंतराने उलटताना दिसले होते. त्यामागचे गणित त्याआधीच ज्ञात होते, पण ते इतक्या निवांतपणे घडताना पाहण्याची संधी वजनरहिततेनेच दिली. पुस्तक एका फेकीत एकदाच उलटते; ते नट पुन्हा पुन्हा उलटत राहिले. मधल्या अक्षाभोवतीचे फिरणे अस्थिर का, हे गणिताने दाखवण्याइतकी तयारी अजून मुलांची नाही, म्हणून तूर्त तीन अक्षांच्या निरीक्षणांचा तक्ता करून ठेवला आहे.

7 सप्टेंबर 2025

गणपतीनंतरची पहिली बैठक. सुट्टीत एका मुलाने घरच्या वाट्यांत पाणी, गोडेतेल आणि पातळ केलेले तूप घेऊन प्रत्येकाच्या थेंबाची ॲक्रिलिकवरची छायाचित्रे काढून आणली होती. तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा खूपच पसरतो, म्हणजे त्याचा स्पर्शकोन लहान आहे आणि नियमाप्रमाणे ते 60 अंशांच्याच काय, 90 अंशांच्या कोपऱ्यातही चढले पाहिजे. अडचण एवढीच की तेल दाट असल्याने ते हळू चढेल आणि 0.9 सेकंदात फारच थोडे सरकेल. नियम चढेल की नाही ते सांगतो, किती वेळात ते सांगत नाही. हा भेद मुलांनी स्वतःहून मांडला.

त्यावर चर्चा होऊन ठरले ते असे. पुढच्या बैठकीत तेल थोडे कोमट करून, म्हणजे पातळ करून, 90 अंशांच्या कोपऱ्यात सोडायचे आणि तेच तेल थंड असतानाच्या चित्रीकरणाशी ताडून पाहायचे. मागच्या भिंतीवर मिलिमीटरचा आलेख कागद लावायचा, म्हणजे प्रत्येक चित्रात तेल किती वर आले ते वाचता येईल. पेटिट यांच्या कपाचा आकार पारदर्शक प्लॅस्टिकच्या फाइलमधून कापून, चिकटपट्टीने जोडून आतल्या पेटीत बसेल असा करायचा आणि त्यात साखरेविना केलेली काळी कॉफी घालायची. गादीवरचा फोम एका कोपऱ्यात दबला आहे, तो बदलायचा. सुती दोरीचे नवे रीळ आणि निक्रोमची तार आणण्याचे काम नववीच्या गटाकडे दिले आहे.